न पुसलेला आकडा

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते सकाळच्या पहिल्याच धावेला, आणि ते काही गोळीने थांबणारं दुखणं नव्हतं. धाकटी जाऊ हिरव्या दिव्यावर सुटली. थोरलीच्या शेजारी थोरलीचाच नवरा उभा होता. सतरा वर्षांच्या संसारात त्याच्या तोंडून कौतुकाचा शब्द कधी चुकूनही सांडला नव्हता. तो म्हणाला, "काय पाय आहे हिचा."

पाय म्हणजे पॅडलवरचा पाय, एवढं थोरलीलाही कळत होतं. ड्रॅग रेसच्या, म्हणजे दोन-दोन गाड्यांच्या सरळ शर्यतीच्या मैदानात माणूस दुसऱ्या कशाबद्दल बोलणार? तरीपण तिच्या अंगाचा तिळपापड झाला. चौदा वर्षं ती याच सरळसोट पट्ट्यावर गाडी पळवत होती. चौदा वर्षांत हा गृहस्थ धाव संपली की काय म्हणायचा? "गिअर उशिरा टाकलास." बस. पुढे एक अक्षर नाही.

आता हे घर कसं, ते सांगायला हवं. दोघे भाऊ, दोघांचं मिळून एक गॅरेज, गॅरेजच्या वर दोन बिऱ्हाडं, आणि आतडी काढून नवी बसवलेल्या दोन जुन्या गाड्या. पिवळी थोरलीची, निळी धाकटीची. आठवडाभर थोरली आपल्या शिवणकामाच्या दुकानात बसायची आणि धाकटी टपालाची गाडी चालवायची. सुट्टीच्या दिवशी दोन्ही गाड्या ट्रेलरवर चढवून सगळे मैदानात. धाकटीला मुळात स्टिअरिंगमागे बसवलं कुणी? थोरलीनेच. दिव्यांच्या खांबाकडे कसं बघायचं, शेवटचा पिवळा पेटला की हिरव्याची वाट न बघता पाय कसा दाबायचा, म्हणजे गाडी हलेपर्यंत हिरवा लागलेला असतो, सगळं हौसेने शिकवलं. तीन वर्षांत ती शिकलीही आणि पुढेही निघून गेली. अशा वेळी शिकवणाऱ्याचा ऊर भरून येतो म्हणे. असं म्हणणाऱ्यांना जाऊ नसावी.

या हौशी शर्यतीची एक गंमत आहे. इथे सगळ्यात जोरात पळेल तो जिंकला असं नसतं; नाहीतर ज्याचं इंजिन दांडगं तोच दर वेळी कप घेऊन घरी जाईल. म्हणून प्रत्येकाने प्रत्येक धावेआधी काचेवर लिहायचं, की माझी गाडी हे चारशे मीटर अमुक इतक्या सेकंदांत काढेल. दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढा वेळ हळू गाडीला आधी सोडतात. आणि कुणी लबाडीने मोठा आकडा लिहू नये म्हणून पुढचा नियम: लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद. एका शतांश सेकंदाने पोचलात तरी बाद. थोडक्यात, आपली गाडी किती पळणार हे आधी नेमकं ठाऊक असायला हवं.

ते ठाऊक असणारं माणूस म्हणजे थोरली. गिऱ्हाईक दुकानाच्या दारात उभं राहिलं की टेप न लावता ती कंबर सांगायची, आणि एखादी बाई "नाही हो, एवढी नाही" म्हणाली तर टेप लावून दाखवायची. हवेचंही तेच. हवा गार झाली की इंजिनाला जोर येतो, तापली की ते सुस्तावतं. वारा पाठीवर आहे की तोंडावर, टायर पट्ट्याला किती धरतंय, हे सगळं ती उभ्या उभ्या जोखायची आणि बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने काचेवर आकडा ओढायची. दोन्ही गाड्यांवर तीच. दोन शतांशांपलीकडे कधी चूक नाही. धाकटी तर स्वतःच्या काचेकडे बघायचीसुद्धा नाही.

आणि आज मैदानात मॅनेजर आला होता. एका मोठ्या व्यावसायिक टीमचा. वर्षभर शर्यती हाच ज्यांचा धंदा, अशी टीम. त्यांना एक नवी चालक हवी होती. जागा एकच. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि आपल्याला माहीत नाही असं सगळेच दाखवत होते. थोरलीने घरात कुणापाशी काही बोलून दाखवलं नव्हतं, पण शर्यतीच्या कपड्यांना आदल्या दिवशी दोनदा इस्त्री केली होती. तिला एक्केचाळीस संपत आली होती. इथून पुढे कुणी येईल आणि आपल्याकडे बघेल, अशा भ्रमात ती नव्हती. ही जागा तिला हवी होती, चौदा वर्षं हवी होती, आणि करड्या टोपीतला तो मॅनेजर सकाळपासून खुर्ची टाकून बसला होता तो नेमका निळीसमोर.

दुपारपर्यंत दोघी दोन-दोन फेऱ्या जिंकल्या. उरल्या चार गाड्या. थोरलीची सेमीफायनल आधी, मग धाकटीची, एका दाताच्या डॉक्टरबरोबर. दोघी जिंकल्या की फायनलला जाऊ विरुद्ध जाऊ. थोरलीने ते चित्र डोळ्यांसमोर आणून पाहिलं. दिवा लागणार, आपण आधी सुटणार, धाकटी मागाहून सुटून पुढे निघून जाणार, आणि टोपीवाला ते बघणार.

अशात ढग आला. ऊन गेलं आणि पाठीमागून गार वारा सुटला. थोरलीने लगेच पिवळीच्या काचेवरचा अकरा-बेचाळीस पुसून अकरा-एकतीस लिहिला, आणि धावली अकरा-बत्तीस. जिंकली. नवरा म्हणाला, "निळीचाही बदल हं."

"कळतं मला," ती म्हणाली.

निळी रांगेत उभी होती. काचेवर सकाळचाच दहा-एकोणीस. थोरली पॉलिशची बाटली घेऊन पुढे गेली, तिने मान वर करून ढगाकडे पाहिलं, गालाला वारा लावून घेतला, आणि आकडा आपसूक डोक्यात आला: दहा-शून्य-आठ. इतका स्वच्छ की जणू कुणी कानात सांगितला. आता पुसायचं आणि लिहायचं, अर्ध्या मिनिटाचं काम.

ती तशीच उभी राहिली. मनात म्हणाली, मी काही खोटं लिहीत नाहीये. मी काही लिहीतच नाहीये. सकाळी लिहिला तेव्हा तो बरोबरच होता की. माणूस स्वतःलाच किती पटकन पटवतं बघा. तिला गिऱ्हाइकाला पटवायला याहून जास्त वेळ लागायचा.

आत धाकटी पट्टे आवळून, हेल्मेट घालून बसली होती. तिला काचेवरचं आतून उलटं दिसत असणार, तेही दिसत असलं तर. तिने नेहमीसारखा अंगठा वर करून विचारलं: ठीक? थोरलीने अंगठा वर केला.

धाकटी सुटली ती अशी, की बघणारे उभे राहिले. डॉक्टरांची गाडी आधी सुटली होती, पण धाकटीने अर्ध्या पट्ट्यावरच तिला मागे टाकलं. मग दोघांचे दिवे लांब गेले आणि बोर्डावर वेळ लागली: दहा-शून्य-आठ. शेजारी लाल अक्षरांत: बाद.

खरं सांगायचं तर थोरलीला पहिल्यांदा लाज वाटली नाही. पहिल्यांदा वाटलं, बरोबर आला! अगदी शतांशाला शतांश. कुणाच्या तरी दंडाला धरून सांगावं, बघा, मी म्हटलं नव्हतं? पण ती म्हणाली नव्हती. हाच तर घोटाळा होता. लाज नंतर आली, आणि आल्यावर बसायला जागा मागू लागली.

धाकटी हेल्मेट काखेत मारून चालत आली. चेहरा उतरलेला. "ताई, काय झालं हो?" ती म्हणाली. "डॉक्टर इतक्या लवकर मागे पडले, मला वाटलं त्यांचीच गाडी आज दमली. पाय काढावा असं एकदा वाटलं होतं. पण म्हटलं, आकडा तुमचा आहे."

"हवा बदलली," थोरली म्हणाली, आणि फायनलचं निमित्त करून तिथून सटकली.

फायनलमध्ये डॉक्टर दिव्याआधीच सुटले. लाल लागला, खेळ खलास. थोरलीने गाडी नुसती पलीकडे नेऊन उभी केली तरी चाललं असतं. कप हातात आला, फोटो निघाला, नवरा म्हणाला, "चला, एक काम झालं." त्याच्या मानाने हे भाषणच होतं.

गाड्या ट्रेलरवर चढवत असताना टोपीवाला मॅनेजर आला. हातात छोटी डायरी. अभिनंदन वगैरे उरकून त्याने विचारलं, "दोन्ही गाड्यांचे आकडे कोण लिहितं?"

"मी," थोरली म्हणाली. एवढा एक शब्द उच्चारताना तिची पाठ ताठ झाली.

"सकाळपासून टिपतोय मी. असं काम आमच्याकडेही कुणाला जमत नाही. ढग आल्याबरोबर तुम्ही पिवळीचा आकडा बदललात. निळीचा तसाच राहिला. तो कसा?"

थोरलीने तोंड उघडलं. काय बोलणार होती ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण तिच्याआधी धाकटीच बोलली.

"माझ्यामुळे," धाकटी म्हणाली. "ताई पुसायला आल्या होत्या, मीच म्हटलं राहू द्या. मला वाटलं, ढगाने असा काय फरक पडतो."

ती खोटं बोलत होती, आणि सरळ मॅनेजरच्या डोळ्यांत बघून बोलत होती. चारचौघांत घरच्या थोरल्या माणसाला खाली बघायला लागू नये, एवढाच तिचा हेतू. थोरलीने मुद्दाम काही केलं असेल हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं. थोरलीने हे सगळं तिच्या तोंडावर वाचलं आणि तिला संताप आला. म्हणजे पाय हिचा, कौतुक हिचं, आणि आता चूक झाली तर तीही हिचीच? माझं म्हणून काही उरू द्यायचं की नाही या बयेने?

मॅनेजरने मात्र डायरी मिटली. "बाई, तुमच्याइतकं दिव्यावर सुटणारं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही," तो धाकटीला म्हणाला. "पण ढगाने काय फरक पडतो असं म्हणणारी चालक मला नको. वाईट वाटून घेऊ नका." मग तो थोरलीकडे वळला. "मग आता तुमच्याशीच बोलायला हवं."

झालं. चौदा वर्षांचं मागणं आपल्या पायांनी चालत समोर आलं. तिने फक्त मूग गिळून गप्प राहायचं होतं, आणि ते तर ती दुपारपासून करतच होती. धाकटी खाली मान घालून हातमोज्याची बोटं एकेक ओढत होती. जागा गेली हे तिला कळलं होतं, आणि तरी ती शब्द मागे घेत नव्हती.

"एवढंच की, ती काहीही म्हणाली तरी तुम्ही पुसायला हवा होता," मॅनेजर समजुतीने पुढे म्हणाला. "पण ढग अचानक आला. निळीच्या बाबतीत तुमचाही अंदाज चुकला असेल. होतं असं."

थोरलीला धाकटीची दया आली, असं मी सांगितलं तर गोष्ट चांगली दिसेल. आलीही असेल थोडी. पण कानाला झोंबलं ते दुसरंच. अंदाज चुकला असेल!

"चुकला नव्हता," ती म्हणाली. "ही काही बोलली नाही मला. राहू द्या वगैरे काही नाही. मीच मुद्दाम ठेवला तो. ही दहा-शून्य-आठ पळणार हे मला तिथे उभी असतानाच ठाऊक होतं."

ट्रेलरचा पट्टा आवळणारा नवरा थांबला. मॅनेजर टोपी मागे सारून कोरडं हसला.

"बोर्ड पाहिल्यावर दहा-शून्य-आठ कुणीही सांगेल," तो म्हणाला.

काय दाखवणार होती थोरली? काचेवर तर दहा-एकोणीस होता. गुन्हा कबूल केला तो याने लगेच मानला, आणि आकडा मानायला तयार नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पट्ट्याकडे बघत होता.

"नाही," धाकटी म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. रागावली असती तर थोरलीला परवडलं असतं. धाकटी तिच्याकडे बघत होती, दुकानात एखादी बाई आरशात आपली खरी कंबर पहिल्यांदा बघते तशी, आणि बोलत होती मॅनेजरशी.

"त्यांना आधीच माहीत असणार," ती म्हणाली. "त्यांचं चुकत नाही."

"म्हणजे ढगाचं ते तुम्ही म्हणालाच नव्हतात," मॅनेजर धाकटीला म्हणाला, आणि त्याने डायरी पुन्हा उघडून पेनाचं टोपण काढलं. थोरली कप हातात धरून उभी राहिली. आयुष्यातला सगळ्यात अचूक आकडा तिने लिहिलाच नव्हता, आणि तो खरा मानणारं सगळ्या मैदानात एकच माणूस होतं. ते माणूस आता मॅनेजरला आपला फोन नंबर सांगत होतं.