दुसरा गिअर काही पडेना

मी गिअरचा दांडा बोलतोय. चारकोपच्या सेक्टर तीनमध्ये, पाण्याच्या टाकीला लागून जी लाल, बसकी, दोन दारांची गाडी उभी असते, तिच्या दोन सीटांच्या मधोमध माझा मुक्काम. डोक्यावर काळी गोल मूठ, मुठीवर एकपासून पाचपर्यंतचे आकडे आणि कमरेपासून खाली चामड्याचा झगा. दिसायला मी रुबाबदार आहे असं सगळे म्हणतात. माझं काम मात्र हमालाचं आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या बुडाशी सुपारीएवढा पोलादी गोळा आहे आणि तो एका छोट्या वाटीत फिरतो. वाटीत थोडं ग्रीस असलं की माझं भागतं. धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून वर रबराचं टोपण आणि त्यावर हा चामड्याचा झगा. मला बसवणाऱ्या कारागिराने एका बोटाने मला पहिल्यातून दुसऱ्यात ढकलून पाहिलं आणि मान डोलावली. ते एक बोट मला अजून आठवतं, कारण त्यानंतर पुष्कळ वर्षं मला कोणी एका बोटाने हलवलं नाही.

माझा पहिला मालक अंधेरीचा हर्षद. जाहिराती बनवायचा. त्याने मला प्रेमाने वापरलं, असं म्हणायला माझी हरकत नाही, पण ते प्रेम त्याला नवी गाडी दिसेपर्यंतच पुरलं. मग दोन हजार पाच साली, दसऱ्याच्या चार दिवस आधी, त्याने आम्हाला नंदकुमार परब नावाच्या गृहस्थाच्या हवाली केलं.

नंदकुमार छापखान्यात फोरमन. वडील मालवणकडून येऊन गिरणीत राबलेले. आख्ख्या खानदानात ही पहिली चारचाकी. लोकांनी सांगितलं, साधी गाडी घे, चार माणसं बसतील अशी. जानकीने, म्हणजे त्याच्या बायकोने, विचारलं की या गाडीत मागे जागाच नाही, तर पाहुण्यांनी बसायचं कुठे? नंदकुमार म्हणाला, पाहुणे रिक्षाने येतील. मला हा माणूस तिथेच आवडला. पुढे काय वाढून ठेवलंय याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

दसऱ्याला त्याने गाडी धुतली, झेंडूचं तोरण बांधलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. इथवर सगळं रीतसर झालं. मग तो ताट घेऊन आत शिरला. स्टिअरिंगला हळद-कुंकू लावलं आणि माझ्याकडे वळला. गाडी खरी हाच चालवतो, असं म्हणून त्याने चिमूटभर नव्हे, मूठभर कुंकू माझ्या डोक्यावर ठेवलं. वर हळद, वर अक्षता. करवंटीत उरलेलं नारळाचं पाणीही त्याने माझ्यावरच ओतलं. माझ्या आकड्यांच्या खाचा लाल झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझी पूजा करत होतं. खोटं कशाला बोलू, मी सुखावलो.

मग तो गाडीपुढे हात जोडून उभा राहिला आणि त्याने गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं. एरवी मुंबईचं मराठी बोलणारा हा माणूस गाऱ्हाण्याला थेट मालवणीत उतरायचा. "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेक संभाळ. काय इडापिडा असात ती भायर काढ रे म्हाराजा." गाऱ्हाण्यात प्रत्येक मागणीनंतर जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. जमलेली एकटी जानकी. तिने मोठ्याने साथ दिली.

अशी तीन वर्षं गेली. रबराचं टोपण वयोमानाने तडकलं होतं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. दरवर्षीचं कुंकू, हळद आणि नारळाचं पाणी त्या फटीतून सावकाश खाली झिरपत राहिलं आणि माझ्या वाटीतल्या ग्रीसमध्ये कालवलं गेलं. चौथ्या वर्षी मी दुसऱ्या गिअरला जरासा अडलो.

शहाण्या माणसाने मेकॅनिक गाठला असता. नंदकुमारने नारळ आणला. दसरा लांब होता, पण देवाला काय, तो शनिवारीही भेटतो. पुन्हा कुंकू, पुन्हा पाणी, पुन्हा गाऱ्हाणं. मी जास्त अडलो. मग त्याने जास्त पूजा केली. अशी आमची भक्ती वर्षानुवर्षं वाढत गेली.

बाहेर मात्र तो वेगळंच सांगायचा. सोसायटीच्या गेटपाशी कोणी विचारलं की परब, गाडीतून खडखड कसली येते, तर हा छाती पुढे काढून म्हणायचा, स्पोर्ट्स गाडी आहे, तिचा गिअर कडकच असतो, मनगटात जोर लागतो. इंडस्ट्रियल इस्टेटमधला पिंटू मेकॅनिक, पन्नाशीला आला तरी पिंटूच, दोनदा म्हणाला होता की एकदा खोलून बघू. नंदकुमारने त्याला चहा पाजून परत पाठवलं. माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात लागायचा नाही, असा त्याचा नियम होता.

दोन हजार बारा साली जानकी गाडी शिकली. कांदिवलीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सकाळी सहाला जायची. लायसन्स आल्यावर एका रविवारी ती नंदकुमारला म्हणाली, आज मी चालवते. तो तयार झाला, पण परीक्षा घ्यायला बसल्यासारखा बसला. चारकोप मार्केटच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला, पहिला पडला, गाडी सुटली आणि दुसरा काही पडेना. तिने क्लच नीट दाबला होता, हे मी शपथेवर सांगतो. मागे हॉर्न सुरू झाले. भाजीवाले बघायला लागले.

"सोड," नंदकुमार सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझं काम नाही ते."

जानकी दार उघडून उतरली आणि पिशवी घेऊन चालत घरी गेली. त्यानंतर ती माझ्या डावीकडे पुष्कळदा बसली, उजवीकडे कधी बसली नाही. त्या वर्षीच्या दसऱ्याला ती ताट धरून उभी होती, पण गाऱ्हाण्याला तिने तोंड उघडलं नाही. नंदकुमार थांबला, वाट पाहिली आणि शेवटी स्वतःच 'व्हय म्हाराजा' म्हणाला. तेव्हापासून मागणारा तोच आणि होकार देणाराही तोच. मला तिच्यापुढे शरम वाटायची. तिचा अपमान माझ्या बुडातून झाला होता आणि मला तोंड नव्हतं.

मग गेल्या वर्षी नंदकुमारचा डावा खांदा जखडला. डॉक्टरला त्याने सांगितलं की व्यायाम करताना लचक भरली असेल. डॉक्टरने त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि विचारलं, गाडी कुठली चालवता? उत्तर ऐकून त्याने गिअरची गाडी कायमची बंद करायला सांगितली.

गाडी उभी राहिली. तिच्यावर कावळे बसू लागले, सोसायटीचं पत्र आलं. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. दोघांनी मला ओढून पाहिलं, गिअरबॉक्स गेलाय म्हणाले आणि पुन्हा फिरकले नाहीत. शेवटी कुर्ल्याचा भंगारवाला तयार झाला. रविवारी टोचन लावून घेऊन जातो म्हणाला. भंगारात दांड्याचं काय होतं, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी नंदकुमार एकटाच खाली आला. उजव्या हातात नारळ, डावा हात पोटाशी. शेवटचं म्हणून त्याने मला कुंकू लावलं, पाणी ओतलं आणि तो गाऱ्हाणं घालायला लागला. "बा देवा म्हाराजा, हिचो दुसरो गिअर सरळ पडांदे. ही माझ्या दारातसून जावक नको रे..." साठीचा माणूस बॉनेटवर हात ठेवून रडला. जानकी वाळलेले कपडे काढायला खिडकीत आली होती. ती तिथेच उभी राहिली.

शुक्रवारी सकाळी तो फिजिओथेरपीला गेल्यावर ती बादली आणि फडकं घेऊन आली. आमच्याकडे जाणाऱ्या वस्तूलाही पुसून पाठवतात. लग्न झालेली मुलगी काय, भंगारात निघालेली गाडी काय. तिने काच पुसली, सीट झटकली आणि मला पुसायला हात पुढे केला, तोच ती थबकली. दाराच्या फटीतून मुंग्यांची रांग येत होती आणि ती थेट माझ्या झग्याखाली जात होती.

ज्या बाईने चाळीस वर्षं साखरेचे डबे सांभाळले, तिला मुंग्यांचं शिकवावं लागत नाही. तिने झगा वर केला, खाली वाकून वास घेतला आणि मोबाईल काढून पिंटूला बोलावलं.

पिंटू आला तो पान्ह्यांची पिशवी घेऊनच. त्याने माझी मूठ फिरवून काढली, झगा सोडवला, तडकलेलं टोपण उचललं आणि बराच वेळ आत बघत बसला. माझ्या गोळ्याभोवती लाल-पिवळा, विटेसारखा घट्ट गोळा जमला होता. त्यात अक्षतांचे दाणे रुतले होते. वर कालचं नारळपाणी आणि त्यावर मुंग्यांची जत्रा.

"वहिनी," पिंटू म्हणाला, "गिअरबॉक्स ठणठणीत आहे. हे वर देवघर झालंय ना, त्याची वाट लागली आहे."

जानकी आधी हसली. मग हसता हसता उघड्या दाराच्या कडेवर टेकली आणि तिचं हसू ओसरलं. बारा सालचा सिग्नल तिच्या डोळ्यांपुढे आला असणार. माझ्याही आला. तिने एवढंच विचारलं की किती वेळ लागेल.

दोन तास लागले. पिंटूने मला उपटून बाहेर काढलं. वीस वर्षांची भक्ती स्क्रू-ड्रायव्हरने खरवडली, रॉकेलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासली. वाटी झिजली होती, ती नवी बसवली, नवं ग्रीस भरलं, नवं रबरी टोपण लावलं. मुठीच्या आकड्यांतलं कुंकू जानकीने स्वतः टाचणीने काढलं. मग पिंटू म्हणाला, बघा टाकून. ती उजव्या सीटवर बसली, क्लच दाबला आणि एका बोटाने मला ढकललं. मी दुसऱ्यात गेलो. कारखान्यातल्या त्या माणसानंतर हे पहिल्यांदाच घडत होतं.

नंदकुमार रिक्षातून उतरला तेव्हा गाडी गेटपाशी चालू होती आणि जानकी स्टिअरिंगवर होती.

"बसा," ती म्हणाली.

तो बसला. बारा सालच्या त्या रविवारनंतर पहिल्यांदाच डावीकडे. गाडी चारकोप मार्केटच्या त्याच सिग्नलला आली. हिरवा लागला, पहिला पडला आणि नंदकुमारचा उजवा हात सवयीने माझ्या मुठीवर आला, जोर लावायला.

"हात काढा," जानकी म्हणाली. "माझं काम आहे ते."

त्याने हात काढला. तिने दुसरा टाकला, तिसरा टाकला. मार्केट मागे पडलं. मग तिने त्याला मुंग्यांपासून सगळं सांगितलं, अगदी शांतपणे, भाजीचा भाव सांगावा तसं. ऐकून तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, गिअर जरा ढिला लागतोय, पहिल्यासारखा दम नाही. जानकीने चौथा टाकला. मी अलगद गेलो.

रविवारी भंगारवाला टोचन घेऊन आला. नंदकुमार गेटपाशी गेला आणि छाती पुढे काढून म्हणाला, गाडी चालू आहे, मिसेस चालवतात, स्पोर्ट्स गाडी आहे, हात हलका लागतो. बढाई तीच होती, फक्त तिची बाजू बदलली होती.

वाचकहो, मी काही नास्तिक नाही. एवढंच मागणं आहे की पूजा करा, पण बॉनेटची करा, ते आडदांड आहे, त्याला सोसतं. आणि आमच्यातला कोणी अडला, तर नारळ आणण्याआधी एकदा झगा वर करून बघा. इथेच थांबणार होतो, पण यंदाच्या दसऱ्याचं सांगायचं राहिलं.

यंदा नंदकुमार ताट घेऊन आला तेव्हा गाडीच्या दारात जानकी उभी होती. "कुंकू बॉनेटला," ती म्हणाली. त्याने मुकाट्याने बॉनेटला लावलं. नारळाचं पाणी चाकावर सोडलं. मग हात जोडून उभा राहिला आणि गाऱ्हाणं सुरू झालं. गाडी संभाळ म्हणाला, खांदा बरा कर म्हणाला, आणि दोन्ही वेळा स्वतःच 'व्हय म्हाराजा' म्हणाला. मग तो थांबला. देवाकडे तोंड होतं, पण आवाज मागे उभ्या असलेल्या बाईला ऐकू जावा इतका मोठा केला होता.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला, "माझ्या हातसून काय चुकला-माकला असात, कोणाक काय लागान बोललंय असान, तर ता पोटात घाल रे म्हाराजा."

या वेळी तो स्वतः काही म्हणाला नाही. वाट बघत उभा राहिला. तोरणातली फुलं हलत होती आणि शेजारच्या बाल्कनीत कोणीतरी भांडी आपटत होतं.

"व्हय म्हाराजा," जानकी म्हणाली.

बराय, येतो मी. तिने क्लच दाबलाय.