चांगुणाचा उसना फ्रीज

नगरच्या संस्थेचे गिदोन सर मंगळवारी घराची पाहणी करायला येणार, असा फोन आला आणि धनश्रीच्या आईच्या अंगात वारं शिरलं.

धनश्रीला बारावीला एकोणऐंशी टक्के पडले होते, नर्सिंगला नंबरही लागला होता. पण तीन वर्षांची फी आणि होस्टेल हे काही ऊसतोडीच्या कमाईत बसणारं नव्हतं. संस्थेची रीत अशी, की पुण्याकडचा एकेक माणूस एकेका पोरीच्या शिक्षणाचं पालकत्व घेई. त्याआधी गिदोन सर घरी येऊन परिस्थिती खरंच बेताची आहे ना ते बघत आणि फॉर्म भरत. फॉर्म मंजूर झाला तर धनश्री नगरला, नाही तर दिवाळीनंतर आईबापाबरोबर उसाच्या फडात. अधलंमधलं काही नव्हतं.

हे सगळं तिने आईला दोनदा समजावून सांगितलं. चांगुणाने दोन्ही वेळा मान डोलावली आणि लगेच अख्खी आळी पालथी घातली.

मंगळवारी धनश्री दाखल्यांच्या झेरॉक्स काढून कर्जतहून परत येते तो काय, तिला स्वतःचंच घर ओळखू येईना. पत्र्याच्या खोलीत आळीतल्या पुंजाराममामांचा सोफा. कोपऱ्यात छगनच्या दुकानातला फ्रीज. फळीवर टीव्ही, आणि त्याच्या शेजारी चकचकीत स्टीलची भांडी. तिचे वडील आसाराम इस्त्रीचा सदरा घालून उंबऱ्यावर बसले होते, कारण सोफ्यावर बसायची त्यांना भीती वाटत होती.

"आई, ह्ये काय केलंस?"

"आगं, नगरवरनं पावनं यायचं, त्याला काय त्येलाच्या डब्यावर बसवायचं?"

"आपली परिस्थितीच बघाय येनारेत ना ते!"

"त्यांचं ते बघतील. आपन आपली अब्रू बघायची," चांगुणा म्हणाली आणि टीव्हीवरची धूळ पदराने पुसली. तिच्यापुढे कुणाचं काही चालल्याचं गावात कुणालाच आठवत नव्हतं.

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. गिदोन सर रिटायर हेडमास्तर, अंगाने काटकुळे, खांद्याला पिशवी. सोफ्यावर बसून त्यांनी खोलीभर नजर फिरवली, फॉर्म मांडीवर घेतला आणि पुटपुटत लिहायला सुरुवात केली. "सोफा, आहे. टीव्ही, आहे. फ्रीज... आहे."

प्रत्येक 'आहे'सरशी धनश्रीला नगर लांब जाताना दिसत होतं. खरं सांगून टाकावं तर पाहुण्यासमोर आईचं नाक कापलं जाणार. आणि आई तर अशी खुशीत, की जणू घरात लग्नच आहे. शिकायचंय पण आईला खाली बघायला लावायचं नाही, या कात्रीत ती सापडली.

चांगुणाने पाणी आणलं. सरांनी पेला तोंडाला लावायचा सोडून डोळ्यांजवळ नेला. भांड्यावर नाव घालून घ्यायची आपल्याकडची पद्धत, आणि हेडमास्तरांना दिसेल ती अक्षरं वाचायची सवय.

"पेल्यावर सूर्यभान, ताटलीवर पुंजाराम," सर म्हणाले. "ताई, घरात माणसं एकूण किती म्हणालात?"

चांगुणा उत्तर जुळवत होती, तोच छगन आत आला. त्याने सरांना रामराम घातला, फ्रीज उघडला आणि आतून थंड्याच्या चार बाटल्या काढल्या. "गिऱ्हाईक थांबलंय, वैनी. फिरीज सांजच्याला नेतो, सावकाश चालू द्या," म्हणून तो गेलासुद्धा.

सरांचं पेन फॉर्मवरच्या 'फ्रीज'पाशी थांबलं. मग धनश्रीचा धीर सुटला.

"सर, ह्यातलं कायबी आमचं न्हाई."

चांगुणाचा चेहरा उतरला. सरांनी एकदा फ्रीजकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि असे हसायला लागले की चष्मा काढून ठेवावा लागला.

"ताई, एकोणीस वर्षं पाहण्या करतोय. लोक फ्रीज लपवून ठेवतात. मागून आणलेला आजच पाहिला!" त्यांनी लिहिलेलं सगळं खोडलं. "आता तुमचं स्वतःचं काय ते सांगा."

"पेटी येक," चांगुणा घुश्शातच म्हणाली. "पातेली चार. तवा, परात. आन कोयतं..." ती थांबली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तीन लिवा."

"तीन कुठनं? दोनच हायेत," धनश्री म्हणाली.

आसाराम उठले. पेटीच्या तळातून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोयता काढला. पातं कोरं होतं, आणि मूठ नेहमीपेक्षा बारीक.

"तुज्या हाताच्या मापाची बसवून घेतली," ते खाली बघत म्हणाले. "फारम न्हाईच झाला तर... जाडी मूठ हाताला फोड आनती, म्हनून."

धनश्रीने कोयता हातात घेतला. मूठ अगदी बरोबर बसली. तिला आधी बापाचा राग आला, मग स्वतःचा, आणि मग काहीच कळेना. ती हुंदके देऊन रडायला लागली. चांगुणाने पेटीचं झाकण उगाचच दोनदा उघडून लावलं.

सरांचं हसू केव्हाच थांबलं होतं. 'कोयते, तीन' असं त्यांनी लिहिलं, आणि पुढे आणखी दोन ओळी लिहिल्या. "समितीपुढे हा कागद मी स्वतः वाचणार," एवढं बोलून त्यांनी सूर्यभानचा पेला रिकामा केला.

आठ दिवसांनी फोन आला. पुण्याच्या एका निवृत्त बँकवाल्या बाईंनी धनश्रीचं पालकत्व घेतलं होतं. चांगुणाने आळीभर साखर वाटली. साखर मात्र स्वतःच्या पैशाची होती, हे तिने दर दारात सांगितलं.

नगरला निघायच्या दिवशी आसाराम लेकीला सोडायला स्टँडवर आले. एका हातात तिची बॅग, दुसऱ्या हातात वर्तमानपत्राची तीच गुंडाळी.

"दादा, ह्यो कशाला आनलाय?"

"सुताराकडं चाललोय," ते म्हणाले. "मूठ काढून माज्या हाताची बसवतो. माजा लई झिजलाय." आणि एसटीच्या दारात तिची बॅग चढवायला ते पुढे झाले.