उघड्या दाराचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे, पण मला कुणाच्या खिशाला टाचता येत नाही. माझा जन्म संगणकाच्या पडद्यावरचा. अठ्ठ्याऐंशी ठिपके रुंद आणि एकतीस ठिपके उंच, एवढीच माझी काया. नखाएवढा आहे म्हणून हसू नका. तुमचे आईबाबा तरुण होते तेव्हा लोक आपापल्या वेबसाइटच्या तळाशी असे बिल्ले मोठ्या हौसेने लावत. मी ज्याची जाहिरात करायचो ती होती लिनक्स नावाची प्रणाली.

प्रणाली म्हणजे संगणकाला जागं करणारी आणि त्याच्याकडून काम करून घेणारी व्यवस्था. इतर काही प्रणाल्या कुलूपबंद असतात, आत काय आहे ते आपल्याला पाहता येत नाही. लिनक्सचं तसं नाही. कुणीही आत डोकवावं, हवं ते बदलावं आणि दुसऱ्याला द्यावं. माझ्या कर्त्याला हे फार आवडायचं. त्याचं नाव अल्पेश.

अल्पेश खाडीकाठच्या भातशेती करणाऱ्या घरातला. गोखिवऱ्याच्या एका छापखान्यात तो संगणकावर लग्नपत्रिका जुळवायचा. हे सन दोन हजारच्या आसपासचं. जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा खात दुसऱ्या हाताने तो मला एकेक ठिपका भरून काढायचा. लिनक्सचं चिन्ह पेंग्विन, म्हणून आधी त्याने पेंग्विनच काढला. शेजारच्या संगणकावर बसणारी रोझमेरी तो पाहून खो खो हसली.

"हा पेंग्विन? कावळ्याने बनियन घातल्यासारखा दिसतोय. तू कधी बघितलायस का पेंग्विन?"

"टीव्हीवर बघितलाय ना!"

"मग जे रोज बघतोस ते काढ की बाबा."

अल्पेशने पेंग्विन पुसला आणि आपल्या घराचं मागलं दार काढलं.

ते दार खाडीकडे उघडतं. घरातलं कुणी बांधावर किंवा खाडीत गेलं की दिवेलागणीला अल्पेशची आई, भागूबाई, त्या दाराशी कंदील टांगायची आणि दार उघडं ठेवायची. लावायचा आईने, पण मालवायचा मात्र परत आलेल्या माणसानेच, स्वतःच्या हाताने. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. कंदील विझलेला दिसला की माणूस घरात आलं असं समजून भागूबाई ताट वाढायला घ्यायची.

तोच कंदील अल्पेशने माझ्या कोपऱ्यात टांगला. माझी दोन चित्रं केली, एकात कंदील पेटलेला आणि एकात विझलेला. ती आलटून पालटून दिसत, त्यामुळे मी लुकलुकायचो. लुकलुकलं की लोकांची नजर जाते, असं त्याचं म्हणणं. शेजारी ठिपक्या-ठिपक्यांनी लिहिलं, 'दार उघडं आहे'. मग मला आपल्या पानावर लावून त्याने खाली सूचना लिहिली, 'घ्या, बदला, वाटा'.

खोटं कशाला बोलू, मी खूप मिरवलो. कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांच्या पानांवर गेलो. रोझमेरीने मला आपल्या आजोबांच्या ब्रासबँडच्या पानावर लावलं, पण आळशीपणा केला. माझी प्रत न उचलता तिने मला अल्पेशच्या पानावरूनच ओढून दाखवलं. अल्पेश तिच्यावर चिडलाच.

"अगं, माझं पान बंद पडलं तर तुझ्याकडे काय दिसणार? आमच्या कंदिलावर काडी पेटवून ने आणि तुझ्या घरात तुझा दिवा लाव."

"बरं बाबा, लावते," म्हणत तिने माझी प्रत उचलून स्वतःकडे ठेवली. तिची ती एक टिचकी किती मोलाची होती हे तेव्हा तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

अल्पेशने घरी आईलाही सांगितलं होतं, "आई, आपल्या मागल्या दाराचा दिवा मी जगाला दाखवलाय. एकदा छापखान्यात ये ना बघायला."

"कापनी होऊ दे, मग येईन," भागूबाई म्हणाली. "तवर तुझा दिवा काय पलून जात नाय."

कापणी व्हायच्या आधी उधाण आलं. खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला खांड पडली, मोठं भगदाडच. भात उभं होतं, खारं पाणी घुसलं असतं तर सगळं पीक गेलं असतं. सगळं गाव मातीच्या पाट्या घेऊन धावलं, त्यात अल्पेशही होता. तो उभा होता तो बांधाचा तुकडाच ढासळला. बरेच दिवस शोधलं, पण खाडीने त्याला परत दिलं नाही.

मला तेव्हा यातलं काही कळलं नाही. रोज माझं पान उघडणारा एकाएकी येईनासा झाला, एवढंच मला समजलं. मित्रांनो, ज्या पानाचा धनी गेलाय त्या पानावर राहणं फार भयाण असतं. पानावरच्या पाहुण्यांच्या वहीत कुणी तरी 'कसा आहेस?' लिहून जातं आणि उत्तर येत नाही. मी आपला लुकलुकत राहायचो. मला भीती वाटायची.

हे आणि पुढचं सगळं मी ऐकलं ते रोझमेरीच्या संगणकावर, कारण ते माझ्यासमोरच बोललं गेलं. एका दुपारी अल्पेशची धाकटी बहीण हेमांगी स्वतःच्या लग्नाची पत्रिका छापायला छापखान्यात आली आणि मजकूर सांगता सांगता रडायला लागली.

"रोझी, मी गेल्यावर आईचं काय होणार? ती अजून रोज मागल्या दारी कंदील लावते. आम्हाला मालवू देत नाही. म्हणते, आल्यावर तोच मालवील. रात्रभर जळतो गं तो, तेल संपेपर्यंत. आणि एकच धरून बसलीय, अल्पेशने काढलेला दिवा मला दाखवा. कुठून दाखवू? दादाच्या वर्षश्राद्धाला मी त्याच्या संगणकावर लिनक्स टाकायला बसले. त्याला बरं वाटेल म्हणून. ते काय काय विचारत होतं, मी सगळ्याला हो हो करत गेले. त्याची सगळी चित्रं पुसली गेली."

ज्या प्रणालीचे गोडवे मी गात होतो, ती बसवतानाच माझं घर पुसलं गेलं. तिला दोष देता येत नाही, तिने आधी विचारलं होतं. त्यानंतर इंटरनेटवर अल्पेशचं पान जिथे होतं ती फुकट जागाही बंद झाली होती. मला तिथून ओढून दाखवणाऱ्या सगळ्या पानांवर मी दिसेनासा झालो होतो आणि माझ्या जागी नुसती रिकामी चौकट उरली होती.

रोझमेरी संगणकाकडे वळली. तिने ब्रासबँडचं पान उघडलं आणि खाली सरकवलं. मी तिथे होतो. हेमांगी तशीच उठली आणि घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आली.

भागूबाई लुगड्याचा पदर सावरत स्टुलावर बसली आणि पडद्याला नाक लागेल इतकी वाकली. रोझमेरीने मला मोठं केलं. मी पेटलो, विझलो, पेटलो. त्या म्हातारीच्या डोळ्यांत मला स्वतःचा उजेड दिसला आणि मी घाबरलो. हिला काय वाटेल?

"ह्याला मालवतो कोन?" तिने हळूच विचारलं.

"काकी, ते आपोआप होतं," रोझमेरी म्हणाली.

"आपोआप कसा? मालवायचा त्यानंच." ती बघत राहिली आणि मी विझताच म्हणाली, "बघ, आला... गेला परत. आला... गेला." तिने हेमांगीचा हात घट्ट धरला. "पोरी, आला का तितंच थांबव त्याला. लय दमला असंल येऊन-जाऊन."

हेमांगीने रोझमेरीकडे पाहिलं. "चालेल का असं बदललेलं?"

"त्यानेच लिहून ठेवलंय, बदला म्हणून," रोझमेरी म्हणाली आणि माझी नवी प्रत काढून तिच्यातलं पेटलेलं चित्र तिने पुसून टाकलं.

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. उजेडाचाच तर मला गर्व होता. आता मी नुसतं एक उघडं दार आणि एक विझलेला कंदील. पण भागूबाईने पडद्यावरून हात फिरवला, तसा अल्पेशशिवाय माझ्यावर कुणी कधी फिरवला नव्हता. रोझमेरीने त्या प्रतीचा कागद छापून दिला. तो त्यांनी मागल्या दारावर चिकटवला. लग्नानंतर हेमांगी रोझमेरीला भेटायला आली तेव्हा सांगत होती की त्या संध्याकाळपासून आईने कंदील लावला नाही. त्या दिवशी तिने अल्पेशचंही ताट वाढलं आणि जेवून शांत झोपली.

मित्रांनो, तुमच्या जिवलगांनी काही केलेलं असेल तर त्याची एक प्रत तुमच्याजवळ ठेवा. आणि कुणी 'बघायला ये' म्हटलं तर कापणीची वाट पाहू नका, जा.

जगात कुठे कुठे, कुणीही न उघडणाऱ्या पानांवर, माझ्या जुन्या प्रती अजून लुकलुकत आहेत. त्यांच्यात अल्पेश येतो आणि जातो. फक्त त्या एका मागल्या दारावर तो घरात आहे.