आंघोळीनंतरचा फोन

सगुणमामाचा फोन आला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

"समीक्षा, काजींत माकड मरान पडलेला. चार दिसांत दुसरा."

"हात लावू नको. बर्फाचा डबा घेऊन निघतेच."

"जाळला गो. न्हालंय आणि लगेच तुका फोन केलो."

म्हापशाहून डिचोलीतल्या मामाच्या काजूच्या डोंगरावर पोहोचायला स्कूटरने पन्नास मिनिटं लागली. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत, माकडांवरच्या गोचिडी चावून माणसांना होणाऱ्या माकडतापाचा विषाणू आला आहे का, हे शोधणाऱ्या आमच्या प्रकल्पात तीन माणसं आहेत. शोधायला ताजं मेलेलं माकड लागतं. विषाणू सापडला तरच काजू वेचणाऱ्यांसाठी काही हालचाल होणार होती.

राख कोमट होती. शेजारी हळद-कुंकू आणि फोडलेला नारळ. मारुतीचं रूप म्हणून मामाने माकड नव्या पंच्यात गुंडाळून खांद्यावरून नेलं होतं.

"आधी फोन करायचा ना, मामा!" त्याच्या घराच्या अंगणात येताच मी म्हणाले.

"मसणातले हात फोनाक लावू?"

"इतकी शिकलंस, आता सुतकय मोडूक सांग आमका," पद्मावतीमामी पडवीतून म्हणाली.

मामाने खिशातून घडी केलेलं पत्रक काढलं. "हय काय लिवला हा? मेलेलं माकड दिसल्यास कळवा. कळयला मां मियां?"

पत्रक मीच लिहिलं होतं. 'हात लावू नका' ही ओळ जागा पुरेना म्हणून मी गाळली होती. वर चार संस्थांची बोधचिन्हं बसवायची होती.

शरीर थंड पडलं की गोचिडी उतरतात. काठीला पांढरं फलालीन बांधून मी ते माकड पडलं होतं तिथल्या पाल्यावरून ओढत राहिले. तिळापेक्षा लहान एकतीस गोचिडी मिळाल्या. बत्तिसावी मामाच्या मानेवर होती, पंचा टेकला होता तिथेच. आंघोळीने ती सुटली नव्हती. चिमट्याने सरळ ओढून मी ती वेगळ्या नळीत टाकली. चिठ्ठीवर लिहिलं: नमुना ३२, सापडली माणसावर, वय ५८.

"चावली?"

"हो."

"मगे औषध दी."

"खास औषध नाही, मामा. आठ दिवस ताप बघायचा."

आमच्याकडे असे नमुने तपासायची बंदिस्त खोली बांधून तयार आहे. ती वापरण्याची परवानगी तेवढी यायची आहे. म्हणून डबा संध्याकाळच्या बसने पुण्याच्या प्रयोगशाळेकडे गेला. तिथे तीन राज्यांचे नमुने आमच्या आधी रांगेत होते. मी रोज फोन करायचे. पलीकडची मुलगी रोज समजूतदारपणे सांगायची, "ताई, अजून नाही."

मामाही रोज दोनदा ताप मोजून कळवायचा. "अठ्ठ्याण्णव. पास झालंय." पाचव्या दिवशी म्हणाला, "तुजो पुणेकार मेलो काय गो?"

सहाव्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन वाजला.

"किती?" मी विचारलं.

"एकशे तीन. कंबर मोडल्यासारी झाली हा." त्याला धाप लागली होती. "गो, ह्या खेपेक न्हावंक नाय हां. आधी तुकाच फोन."

पुण्याचा अहवाल आला नव्हता. मी रुग्णवाहिकेला फोन लावला आणि दुसऱ्या हाताने मामाच्या रक्ताच्या नमुन्यासाठी फ्रीजरमधला बर्फ डब्यात भरू लागले.