निळ्या रंगाची सबब

"जावईबापू, पाणी सोडू नका!"

संडासाच्या दाराबाहेरून सासूबाईंचा आवाज आला आणि आत जावयाचा हात साखळीवरच थबकला. सासूबाई या घरात राहायला आल्यापासून त्याच्याशी कधी थेट बोलल्याच नव्हत्या. "त्यांना म्हणावं, दिवा मालवा," असं सगळं त्याच्या बायकोमार्फत चालायचं. आज ती सकाळच्या पाळीला गेलेली, आणि पहिलं बोलणं झालं ते हे असं.

टाकी हे त्याचं कारखान्यातलं नाव. कापड रंगवायच्या कारखान्यात तो रंगाच्या टाक्यांवर होता, आणि अंगानंही कुठल्या टाकीला हार जाणारा नव्हता. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी तोंडावाटे त्याच्या पोटात एक फुगा सोडला आणि तो निळ्या पाण्यानं भरला. फुगा पोटात असला की चार घासांत पोट भरतं. सुरुवातीला ओकून ओकून जीव नकोसा झाला, पण मग गडी असा उतरू लागला की पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. जिना चढताना तो कठडा धरेनासा झाला. बायको म्हणायची, "आता तुमच्या मागे उभं राहिलं तरी पुढचं दिसतं हो!" एवढं सुख त्याला आजवर कशानं मिळालं नव्हतं.

तो दार उघडून बाहेर आला. सासूबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"काल तुमच्यानंतर मी गेले होते. पाणी नीट सुटलं नव्हतं. सगळं हिरवं-निळं होतं."

टाकीचे कान तापले. "रंग आहे तो, आई. आमच्याकडे सगळ्यांचं असंच. घाम निळा, थुंकी निळी. अंगात मुरलेला रंग कुठून तरी निघणारच की."

हीच सबब त्यानं परवा स्वतःलाही दिली होती, आणि पटवूनही घेतली होती.

"कारखान्यात सध्या लाल चाललाय," सासूबाई भिंतीला म्हणाल्या. "तुमचे कपडे मी पिळते. कितीतरी दिवस पाणी लालच निघतंय. मग निळं कुठून आलं?"

कुठून आलं, ते टाकीला पक्कं ठाऊक होतं. नर्सनं तेव्हाच बजावलं होतं, लघवी निळी दिसली की फुगा फुटला समजायचं आणि असाल तसं निघून यायचं. पण गेलं की फुगा काढणार, आणि फुगा काढला की पुन्हा ते जुनं अंग, त्या धापा, ते "टाकी, जरा सरक रे" आणि त्यामागचं हसणं. आणखी थोडे दिवस मिळतील तेवढे मिळतील, म्हणून तो मूग गिळून बसला होता.

"दवाखान्यात चला."

"संध्याकाळी ही आली की बघू."

सासूबाई वळल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"जावयाच्या लघवीवर बोलायची वेळ आलीय माझ्यावर. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मी लाज गुंडाळून ठेवली, आता तुम्हीपण ठेवा आणि चपला घाला."

टाकीनं मुकाट्यानं चपला घातल्या.

दवाखान्यात त्याला गुंगी देऊन नळीनं फुगा बाहेर काढला. तो शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी त्याला ते निळसर, लोळागोळा झालेलं कातडं दाखवलं. "नशीब थोर तुमचं. रिकामा होऊनही पोटातच राहिला. खाली आतड्यात जाऊन अडकला असता तर पोट फाडावं लागलं असतं. आणखी उशीर झाला असता तर मग आमच्याही हातात काही नव्हतं."

डॉक्टर गेल्यावर टाकीनं मान वळवली. सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. मुलीला निरोप गेला होता, ती निघाली होती.

"आई, मला माहीत होतं," तो म्हणाला. "पुन्हा फुगेन म्हणून गप्प बसलो."

"मग फुगा की! माझी पोरगी काय तुमच्या पट्ट्याशी संसार करतेय?"

टाकीला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. जन्मभर लोकांनी त्याचं अंग पाहिलं होतं. त्याच्या जिवासाठी स्वतःची भीड कुणी अशी मोडली नव्हती. त्याला फार फार बरं वाटलं.

"आई, तुमचे उपकार..."

"पुरे. भूक लागलीय का?"

जाड माणसाला भूक लागली म्हणायची चोरी असते. टाकी चारचौघांत कायम "नको, पोट भरलंय" म्हणत आला होता. सासूबाईंसमोर तर त्यानं कधी पुन्हा वाढून घेतलं नव्हतं.

"लागलीय," तो म्हणाला. "खूप लागलीय, आई."

सासूबाई उठल्या आणि तरातरा दाराकडे गेल्या. "अहो नर्सबाई," त्यांनी दारातूनच हाक मारली, "आमच्या माणसाला भूक लागलीय. काय देऊ?"