किरकोळ सुधारणा

मी बोलतोय, म्हणजे बोलू दिलंत तर. हे लोक सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढतात ना, तिला नंबर देणारा, काय काय बदललं त्याची यादी करणारा आणि सगळं गिऱ्हाइकांकडे आपोआप पाठवणारा प्रोग्राम म्हणजे मी. मला नाव कुणी ठेवलं नाही. नावं मात्र सगळे ठेवतात.

मला घडवलं इथल्या ताईंनी. आधी ही यादी त्या हाताने करायच्या, आणि एकेकाच्या मागे लागून त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून त्यांनी नियम केला. ज्याने काम केलं त्याने एक ओळ लिहायची आणि बदल मोठा की किरकोळ ते सांगायचं, पुढचं मी बघतो. बदल मोठा असेल तर मी थांबतो आणि साहेबांची परवानगी मागतो. नोकरी सोडून जाताना ताई सगळ्यांना म्हणाल्या, "याला खरं सांगत जा रे. तुम्ही लिहाल तेवढंच याला कळतं."

ऐकतंय कोण! साहेब परवानगी द्यायला दोन-दोन दिवस लावतात, म्हणून सगळ्यांचे सगळे बदल किरकोळ झाले. आणि ओळी काय लिहितात? 'दुरुस्ती.' 'आणखी दुरुस्ती.' 'आता तरी चाल बाबा.' हे मी गिऱ्हाइकांना पाठवायचं! लाज मला वाटते, त्यांना नाही.

अशी यादी वाचतं तरी कोण, म्हणाल. एक बाई वाचायच्या. एका वृद्धाश्रमातल्या परिचारिका, तिथले आजी-आजोबा त्यांना मावशी म्हणतात. आमचं सॉफ्टवेअर तिथे औषधाच्या वेळी घंटी वाजवतं. प्रत्येक यादीला मावशींचं उत्तर यायचं, "वाचलं. कळलं." तेवढ्यावर माझं पोट भरायचं.

मग झटपटने घंटीला हात लावला. हा इथला हुशार प्रोग्रामर. टोपणनाव त्याने स्वतः कमावलंय. पूर्वी औषध दिल्याचं बटण दाबेपर्यंत घंटी वाजत राहायची. आता ती एकदाच वाजून गप्प होणार होती.

"अरे, मोठा बदल म्हणून टाक," शेजारच्या टेबलावरची म्हणाली.

"वेडी आहेस का? साहेब रजेवर आहेत. लटकून बसेल इथेच."

त्याने लिहिलं, 'किरकोळ सुधारणा.' मी तेच पाठवलं. मावशींचं नेहमीचं उत्तर आलं. काय कळणार होतं हो त्यांना?

घंटी वाजली तेव्हा मावशी एका आजींना अंघोळ घालत होत्या. बाहेर आल्या तर सगळं शांत. एका आजोबांची फिटची गोळी राहून गेली. ते फिट येऊन पडले आणि खुब्याचं हाड मोडलं.

मावशींचा फोन आला, तो स्पीकरवर घेतला. "मी वाचलं होतं हो. दोनदा वाचलं होतं. घंटीचं कुठे लिहिलं होतं तुम्ही?"

रजेवरून परतलेले साहेब म्हणाले, "मॅडम, ते आपोआप जातं. ऑटोमेशनचा घोळ झालाय."

माझा घोळ! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घंटी पूर्ववत झाली. या वेळी झटपटने मान खाली घालून नीट लिहिलं, 'बटण दाबेपर्यंत घंटी वाजत राहील. मागच्या वेळी ती बदलल्याचं आम्ही सांगितलं नाही. चूक आमची.' साहेबांनी परवानगीही लगेच दिली. इतकं खरं मी आजवर कधी पाठवलं नव्हतं.

यादी कुणी उघडली ते मला दिसतं. मावशींनी ती उघडलेली नाही. त्यानंतरचीही नाही.

तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलात, तर त्यांना सांगाल का, की या वेळी खरं लिहिलंय? माझ्यावर त्या आता विश्वास ठेवणार नाहीत.