साहेब मांजरसुंब्याला आलेत

"घ्या की माईक, त्रिंबकराव. तुमच्यावाणी कुणाला जमतंय?" राधाकिशनने माईक सरळ त्रिंबकच्या छातीला लावला.

"व्याही, आज मी नवरीचा बाप हाय."

"मग? बापाला तोंड न्हाई का? आमदार साहेबाची गाडी मांजरसुंब्याला आलीय. तवर लोकं धरून ठिवा."

लोकं धरून ठेवायची. नांदूरघाटच्या आसपास त्रिंबकने उभा जन्म हेच केलं. लग्न कुणाचंही असो, माईक त्याचा. आलेल्या प्रत्येकाचं नाव मानाने घ्यायचं. नाव राहिलं की माणूस न जेवता उठतो आणि मरेपर्यंत सांगत फिरतो. आपल्याकडे माणूस लग्नाला पोटाने येत नाही, कानाने येतो.

आता पन्नाशी लागली आणि हातातला माईकही सुटत चालला. स्क्रीन आली, ड्रोन आला, लाइव्ह आलं. मंडपात बसून लोक मंडपातलंच लग्न मोबाईलवर बघतात. नवरीकडे मान वर करून बघायला कुणाला सवड नाही. व्हिडिओवाला आदिनाथ मागे एकदा म्हणाला होता, "काका, तुमचा आवाज मला द्या. पुढं तुमी यायचीबी गरज न्हाई." वर हसला होता, जणू उपकारच करतोय.

आज मात्र त्रिंबकला बोलायचंच नव्हतं. योगिता त्याची थोरली लेक. तिच्या मागे उभं राहायचं, मुहूर्तावर तिच्या डोक्यावर ज्वारीच्या अक्षता टाकायच्या, बस. लेकीच्या बापाने अक्षता पडेपर्यंत जेवायचं नसतं, म्हणून सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

तरी त्याने माईक घेतला. सवय वाईट.

"थोड्याच वेळात साहेबांचं आगमन होत आहे. कुणीही जागा सोडू नये."

मुहूर्त गेला. मंडपाचं कापड तापलं. लेकरं रडायला लागली. बायका पदराने वारा घेत बसल्या. त्रिंबक नावं घेत राहिला. चेअरमन, माजी चेअरमन, चेअरमनचे मेव्हणे.

त्याचा स्वतःचा मेव्हणा परमेश्वर मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता. मेंढरं माळावर भावाच्या हवाली करून आला होता. नवरीचा मामा. तिला मंडपात आणायचा मान त्याचा.

"दाजी, मुहूर्त गेला की."

"गेला."

"आमची मेंढी व्यायला लागली तर साहेबाची वाट बघती का?"

"गप रे बाबा."

तेवढ्यात त्रिंबकची बायको छबुबाई आली. त्याच्या हातातला माईक तिने दोन बोटांनी खाली दाबला आणि आपला मोबाईल त्याच्या नाकाशी धरला. "हे बघा. साहेबाच्या माणसाचं ष्टेटस. आत्ताचं हाय."

मांजरसुंब्याचा ढाबा. साहेब बाजेवर मांडी घालून बसलेले. पुढे शेवभाजी, हातात भाकरी, बाजूला चार जण हसतायत. खाली लिहिलेलं, 'साधेपणा हीच ओळख'.

"तुमी हितं उपाशी, अन् त्यो तिथं भाकर मोडतुय. पोरीला चक्कर यायलीय. आजपस्तोर दुसऱ्याच्या लेकी ताटकळत ठिवल्या, आता आपलीबी ठिवा. बोला की, लई बोलता ना?"

त्रिंबक बराच वेळ त्या भाकरीकडे बघत राहिला. साहेब जेवले त्याचं काही नाही, भूक सगळ्यांना लागते. पण ते 'साधेपणा' त्याच्या डोक्यात गेलं.

त्याने माईक तोंडाला लावला.

"मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं. भटजी, अंतरपाट धरा."

राधाकिशन धावत आला. "आवो, काय करायलात? साहेब…"

"साहेब जेवायलेत. जेवत्या माणसाला उठवू नाय."

परमेश्वरने भाचीला आणलं. त्रिंबकने माईक खुर्चीवर टाकला आणि लेकीच्या मागे जाऊन उभा राहिला. योगिताच्या मानेवर घामाने हळद ओघळली होती. शेवटच्या सावधानला त्याची मूठ उघडेना. छबुबाईने कोपराने ढोसलं तेव्हा ज्वारी सांडली.

लग्न लागलं. आणि साहेब आले.

मंडप उठून पळाला. फटाके, फेटे, हार. नवरा-नवरीकडे पाठ करून माणसं खुर्च्यांवर चढली. राधाकिशनचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"पुन्ना लावायचं," तो म्हणाला. "साहेबाबिगर लग्न दिसलं तर तालुक्याला मी तोंड कुठं दाखवू? पोराच्या नोकरीचं त्यांच्याच हातात हाय."

आदिनाथ म्हणाला, "काका, तसंबी मगाशी रेंज नव्हती, लाइव्ह गेलंच न्हाई. दोनच मंगलाष्टका घिऊ."

"पोरगी एकदा दिली," त्रिंबक म्हणाला. "परत द्यायला माझ्याकडं न्हाई."

मग योगिता पुढे आली. गळ्यात नवं मंगळसूत्र. ती बापाच्या अगदी जवळ येऊन हळू बोलली.

"पप्पा, जाऊ द्या. मला तिथंच नांदायचंय."

तिने गळ्यातला हार स्वतःच काढला, नवऱ्याच्या हातात दिला आणि पाटावर जाऊन उभी राहिली. छबुबाई तिच्यामागे गेली. पोरीला एकटं कसं सोडायचं?

"मग माईकवर कोण?" राधाकिशनने विचारलं.

"आवाज हाय की रेकॉर्डला," आदिनाथ म्हणाला.

त्रिंबक चालत मंडपाच्या कडेला गेला. तिथे पंगत सुरू झाली होती. त्याने परमेश्वरला शेजारी बसवलं. वाढप्याने दोघांना वरण-भात वाढला, बुंदी वाढली.

स्पीकरमधून त्रिंबकचाच आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं."

परमेश्वरचा घास हातातच राहिला. "दाजी, मी जाऊ का?"

"भात खा."

समोर मोठ्या स्क्रीनवर योगिता होती. मामाच्या जागी पांढऱ्या कपड्यातला कुणी कार्यकर्ता, बापाच्या जागी साहेब. साहेबांना उभं राहायचं कसं ते चांगलं ठाऊक होतं. योगिताची मान खाली होती.

सावधान म्हटल्याबरोबर सगळ्या मंडपाने पुन्हा हात उचलले. कुणाची तरी मूठ लांब गेली. पिवळी ज्वारी पंगतीत पडली, त्रिंबकच्या ताटातही.

त्याने ती वेचली नाही. तशीच भातात कालवली. कच्चा दाणा दाताखाली कडकन फुटला. तो सावकाश चावत राहिला.